वन्संच्या होडीतली आखूड काठी

२ ऑक्टोबर, बुधवार

वन्संची टोपी गेली! बिवा सरोवराच्या तळाशी. माझ्यामुळे.

मी मासे धरायची काठी मागे नेली – आठ फुटी काठी, दोरीच्या टोकाला आमिष म्हणून तो वीतभर लाकडी मासा, चांगला वजनदार – आणि त्याचा गळ पुढे बसलेल्या वन्संच्या टोपीत रुतला. मला काय पत्ता! मी आपला सगळा जोर लावून गळ फेकला. मासा उडाला, पाठोपाठ टोपी. मधेच गळातून सुटली आणि गवताच्या कडेला जाऊन डुबुक. मला हसू आवरेना. मग लक्षात आलं, बोटभर खाली लागला असता तर कान गेला असता. मग मात्र हसू आपोआप आवरलं.

वन्सं काताता बंदराच्या धक्क्यावर होडी बांधताना म्हणाल्या, "मिसाओ, या हंगामात नीट फेकायला शिक. नाहीतर पुढच्या वर्षी मी कुवाबाराला घेते. तो होडीही चालवतो."

कुवाबारा! गल्लीतला तो रिटायर्ड पोस्टमन! तो बोलायला लागला की मासे दुसऱ्या काठाला जातील.

३ ऑक्टोबर, गुरुवार

खांदा ठणकतोय. यासुनोरीने मलम चोळून दिलं आणि चोळताना "टोपी!" म्हणून खिदळत राहिला. माझा नवरा, पण आधी वन्संचा धाकटा भाऊ. स्वतः होडीत पाय ठेवला की ओकतो, म्हणून तर लग्नानंतर वन्संनी त्याच्याऐवजी मला धरून नेलं. तेव्हापासून मागच्या खुर्चीवर मी.

त्याला हसायला काय जातंय? आठवडाभर आमच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात तळणापाशी उभी असते मी. बुधवारी दुकान बंद. पाण्यावर कुणी "मावशी, भात जास्त घाला" म्हणत नाही. वन्सं टोमणे मारतात, पण मला माणसात धरून मारतात. तो बुधवार कुवाबाराला द्यायचा? मुळीच नाही!

६ ऑक्टोबर, रविवार

आज अंगणात खुर्ची टाकून, त्यावर बसून सराव केला. (होडीत उभं राहायला मनाई आहे, म्हणून बसून.) आणि कोडं सुटलं. खांद्याचा दोष नाही. काठीचा आहे!

तो लाकडी मासा दोन तुकड्यांचा, मधे सांधा. काठीचं टोक खाली ठेवून हलके झटके दिले तरच तो डावीकडे-उजवीकडे डुलतो. वन्सं ताडमाड उंच. मी बसले तर पाय जमिनीला टेकत नाहीत. मी टोक खाली केलं की ते सरळ पाण्यावर आपटतं आणि मागचा दांडा बरगडीत घुसतो. मासे पळणार नाहीत तर काय!

पण ही काठी वन्संनीच दिलेली. त्यांची जुनी, आवडती. नको कसं म्हणायचं?

९ ऑक्टोबर, बुधवार

फजिती. यासुनोरीची ओढ्यातले मासे धरायची आखूड काठी नेली होती. आखूड म्हणजे आखूड, झालं, असं मला वाटलं. लाकडी माशाच्या वजनाने ती पार वाकली आणि मासा होडीच्या कडेलाच थपकन पडला.

"कुठे पडलं?" वन्सं.

"इथेच."

"इथेच म्हणजे कुठे?"

"तुमच्या डब्याजवळ, वन्सं!"

"काठी आणलीस की उकडलेली शेवई?"

दिवसभर "कुठे पडलं, कुठे पडलं" चालू. मला खिजवण्यात त्यांना काय आनंद मिळतो कोण जाणे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दुकान यासुनोरीवर टाकून हिरोओकाच्या गळ-काठ्यांच्या दुकानात गेले. हिरोओका म्हणजे तोंडाचा पट्टा. त्याने आधी आठ फुटी काठ्याच दाखवल्या. "एवढं मोठं आमिष, मॅडम, त्याला लांब काठीच हवी. लांब जातं."

"मला लांब नको, नीट जायला हवं," मी म्हटलं. "आणि पुढच्या खुर्चीवर माझी नणंद असते. टोपीसकट."

मग तो आतून एकेक काठी आणायला लागला. सात फुटी – बरगडी वाचली, पण टोक अजून खाली आपटेल असं वाटलं. सहा फुटी एक छान हलकी, पण जोर दिला की मधोमध, कमरेतून वाकत होती. पुन्हा शेवई. शेवटी एक साडेसहा फुटी सापडली. दांडा आखूड, कमरेत ताठ, फक्त टोकाला जरा मऊ. "ही घ्या," तो म्हणाला. "कुणी मागत नाही, सगळ्यांना वाटतं ही मुलांसाठी आहे."

मागच्या पार्किंगमध्ये स्टुलावर बसून फेकून पाहिली. गळाऐवजी वजन बांधून. खालून, बाजूने, मनगटाने. तिसऱ्या वेळेला वजन पलीकडच्या सायकलच्या टोपलीत! हिरोओका ओरडला, "अहो, ती माझी सायकल आहे!" नेम होता माझा. नव्हता, पण मी तसं सांगितलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

वन्संनी नवी काठी हातात घेऊन उलटसुलट केली. "बाकीची अर्धी कुठे आहे?"

मी मनाची तयारी करून ठेवली होती. सांगून टाकलं – तुमची काठी चांगली आहे, वन्सं, पण ती तुमच्या मापाची आहे, माझ्या नाही. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि मोटर चालू केली.

मासा नाही लागला. काठी लांब फेकत नाही हे खरंच, पूर्वीच्या निम्म्यावर पडतं. पण जिथे म्हणेन तिथे पडतं! टोक पाण्याला लागत नाही, लाकडी मासा असा डुलतो की मलाच खावासा वाटला.

"जवळच फेकायचं तर होडीचं भाडं कशाला? न्हाणीघरातल्या टबात बस की," इति वन्सं. त्यांची नवी टोपी मात्र सुरक्षित.

२३ ऑक्टोबर, बुधवार

वारा. होड्या बंद. वन्संचा फोन, हवेबद्दल. त्यातही "आखूड" हा शब्द आलाच.

३० ऑक्टोबर, बुधवार

लागला!!

लव्हाळ्यांच्या कडेला, होडीच्या अगदी पुढ्यात. लाकडी मासा एकदा डावीकडे डुलला, उजवीकडे वळला आणि खालून एक काळं तोंड आलं. एवढं तोंड! पाणी फुटलं, मी किंचाळले, काठी वाकली पण कमरेत ताठ राहिली. वन्संनी एका झटक्यात जाळीत घेतला. माझ्या हातापेक्षा लांब, बास जातीचा मासा.

वन्सं? काही नाही. शाबासकी नाही, टोमणासुद्धा नाही. होडीच्या कडेला हात धरून पाण्याकडे बघत बसल्या. मला वाईट वाटलं, लपवत नाही.

बास परत पाण्यात सोडायला इथे बंदी, म्हणून घरी आणला. कातडी काढून टाकली – वास तिचाच असतो – आणि तळला. यासुनोरीने तीन वेळा भात घेतला. वन्संचा वाटा नेऊन दिला. त्यांनी दारातच डबा घेतला.

३ नोव्हेंबर, रविवार

संपलं. वन्संच्या दारात कुवाबारा! पायरीवर बसून चहा पीत होता आणि हातांनी मोटरचा दांडा फिरवून दाखवत होता. मी सायकल न थांबवता पुढे गेले. मासा लागला तरी गेलाच माझा बुधवार. घरी येऊन कांदे चिरले, म्हणजे रडायला कारण झालं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी वन्सं दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या, मग रिकामा डबा पुढे सरकवला.

"तो मासा आला ना, मिसाओ, ते मी पाहिलं. तोंड, पाणी, सगळं. वसंत ऋतूनंतर पहिल्यांदा. तू आणि मी लांब फेकत होतो ते मला दिसतच नव्हतं गं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुला घेऊन कुठे धडकायला नको, म्हणून कुवाबाराला होडीसाठी विचारलं होतं. आता नको म्हणून सांगून आले."

मी झारा खाली ठेवला.

"उद्या पुढे तू बस, मोटर धरायला मी शिकवते," त्या म्हणाल्या. "आणि जवळच फेक."