कायुपुतीचा वाफारा

४ मे
पोचलो एकदाच्या! अंबोनहून येताना बोट नुसती हिंदकळत होती, पण रुकियाने हूं की चूं केलं नाही. सात महिन्यांचं पोर, पण पोट बापासारखं खलाशाचं. जुफ्री तिकडे अरूच्या समुद्रात मासळीच्या जहाजावर आणि आम्ही मायलेकी इथे बुरू बेटावरच्या टेकडीवर, त्याच्या आईकडे. धक्क्यावर सासूबाई स्वतः आल्या होत्या. मिठी अर्थात आधी नातीला. मग उभ्या उभ्याच कमरेच्या गाठीतून बाटली काढून त्यांनी तिचं पोट आणि तळपाय चोळले. समुद्राचा वारा पोटात शिरला असेल म्हणाल्या. घरच्या भट्टीचं, कायुपुतीच्या पानांचं तेल ते. पोट दुखो, पडसं होवो, कुणाची दृष्ट लागो, इथे औषध एकच.

जेवायला सागोच्या पिठाची खळ आणि धुरावलेला मासा. मी तीनदा वाढून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, सून खाणारी आहे, म्हणजे टिकेल.

११ मे
भट्टीच्या कामाला लागले. बायकांनी फांद्यांवरची पानं ओरबाडायची, ती भल्यामोठ्या लाकडी पिंपात भरायची आणि आत उतरून पायांनी तुडवायची. मग झाकण घालून खाली जाळ. वाफ थंड झाली की पाण्यावर हिरवट तेल तरंगतं, ते मी गाळून बाटल्यांत भरते. शेजारची तिमा दिवसभर टोमणे मारते. अंबोनच्या राणीसाहेब, जपून हं, नखांचा रंग जाईल! मी म्हटलं, रंग जाऊ दे, तुझ्यासारखं तोंड सुटलं नाही म्हणजे मिळवलं. सगळ्या खो खो हसल्या. वासाने डोकं कसं स्वच्छ होतं! मला इथे आवडतंय.

२९ मे
बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते आहे. पाण्यातलं काम, होणारच. सासूबाईंनी तेल चोळून दिलं. फार झोंबलं. म्हणाल्या, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय.

९ जून
हातांवर पाण्याचे फोड आलेत. मान लाल झाली आहे, पापण्या सुजल्यात. सासूबाई सकाळ-संध्याकाळ स्वतः तेल लावतात. नाण्याने पाठ खरवडून वारा काढतात आणि त्यावर पुन्हा तेल. किती मायेने करतात! सख्ख्या आईने माझं एवढं केलं नव्हतं. नको म्हणायला जीभ उचलत नाही.

१६ जून
खाली दवाखान्यात गेले. तिथल्या आरोग्यसेवक रुस्लानने हात पाहिला आणि लगेच विचारलं, भट्टीवर असतेस ना? तेलानेच झालंय म्हणाला. मी म्हटलं, तेलाने तर बरं होतं! त्याने मान हलवली. एकदा अंगाने एखाद्या तेलाशी वैर धरलं की ते मरेपर्यंत सुटत नाही. आधी ओंजळ लागते, मग थेंब, मग नुसता वास. उद्या घसा सुजला तर श्वास कोंडेल. गोळ्या दिल्या, पण औषध एकच म्हणाला, इथून निघून जा.

घरी सांगितलं. सासूबाई हसल्या. तो कालचा पोरगा, जन्मला तेव्हा त्याची बेंबीसुद्धा मीच तेलाने चोळली होती.

२२ जून
भट्टी सोडली. स्वयंपाकघरात बसते. तरी गाल सुजले. कशाने, ते आज कळलं. रुकियाला पाजायला घेतलं, तर तिची हनुवटी जिथे टेकली होती तिथे छातीवर फोड उठले. तिच्या डोक्याला, मानेला, इवल्या पोटाला सगळीकडे तेच तेल आहे. माझ्या लेकीचा वास मला सोसत नाही. हे लिहितानाही रडू आवरत नाही.

२६ जून
हात जोडून सांगितलं, तिला तेल लावू नका. सासूबाई म्हणाल्या, बिनतेलाचं लेकरू पाहून लोक विचारतील, हिची आई मेली की काय?

म्हणून गुपचूप ओढ्यावर नेऊन तिला साबणाने धुतली. मग पोटभर पाजली. दोघी झाडाखाली झोपलो. फार बरं वाटलं.

२८ जून
रुकियाला ताप. सगळ्यांनी ओळखलं, मी तेल धुतलं म्हणून. आता ती सासूबाईंच्या खोलीत. दूध उतरून कपडे भिजतात. तिचं रडणं भिंतीपलीकडून—

१ जुलै
तिमा आता टोमणे मारत नाही. माझ्याकडे बघतही नाही. पण अंगणात बोलताना ऐकलं. सगळ्या जगाला बरं करणारं तेल हिलाच का भाजतं? भाजतं ते हिला नाही, हिच्या आत बसलंय त्याला. सुआंगी गं! कडी घातलेल्या घरात शिरते आणि लेकरांचा जीव शोषते, ती. छातीवरचे फोड पाहिलेस ना?

सासूबाई तिला रागावल्या. पण लगेच नाही, थोड्या वेळाने.

४ जुलै
टेकडीच्या माथ्यावर चढून जुफ्रीला फोन लावला. लागला. अर्धंच ऐकू आलं. आई सांगेल तसं कर म्हणाला. खोकून खोकून घसा बसलाय माझा, मी काय बोलले ते त्याला कळलंच नाही बहुतेक.

५ जुलै
जायचं तर जा म्हणतात सासूबाई. बोटीपर्यंत सोडू. पण पोर या घराचं, ते इथेच राहील.

इकडे आड, तिकडे विहीर.

७ जुलै
ठरलं. मी वाफारा घ्यायचा. बाळंतिणीला देतात तसा, चटयांखाली बसून, पण कायुपुतीच्या पानांचा. आतलं जे आहे ते निघून जाईल आणि रुकिया माझी मला. सासूबाईंनी कुराणावर हात ठेवून शब्द दिला.

रुस्लानला निरोप धाडला होता. तो अंबोनला गेलाय.

मी हो म्हटलं. मरेन बहुधा. पण नाही म्हटलं तर ती जन्मभर भिंतीपलीकडेच. श्वास रोखून धरीन. गोळ्या दोन उरल्यात, त्या आधीच—

८ जुलै
पाणी उकळेपर्यंत मला खोलीत ठेवलंय. बाहेर कडी. फटीतून वास येतोय. ओठ जड झालेत.

सासूबाई आत्ता येऊन गेल्या. रडत होत्या, खरंच रडत होत्या. रुकिया कडेवर. मी हात पुढे केले. त्यांनी तिची मान वळवून दाखवली. कानांमागे लाल चट्टे. बेचक्यांत पण. माझ्यासारखेच.

मी म्हटलं, आई, तेलाने झालंय, पुसा, पुसून काढा—

त्या म्हणाल्या, हिच्यातही शिरलंय, पण तू भिऊ नकोस पोरी. मी दोघींना एकाच चटईखाली बसवते.

मी ओरडले. दार बडवलं. तिमा बाहेरून म्हणतेय, ऐका, वास आला तसं बोलायला लागलं बघा ते. जितकं ओरडते तितक्या त्या जोराने तेल—

रुकिया रडतेय. तिला उघडी करून चोळताहेत. खोकतेय ती. माझाच खोकला तो, मला ठाऊक आहे कुठून येतो—

चटया आणल्या. पानं आणखी टाका म्हणतात, पोर लहान आहे, तिला वाफ नीट लागली पाहिजे

आई, ऐका, मी आहे, मीच बोलतेय, हालिजा, तुमची सू