गिअरबॉक्समधली मगर

थोरल्या,
गाडी सुरू करू नकोस, ही थाप नाही. गिअरबॉक्सची गळती काढायला मी सगळं ऑइल उपसलं आणि बोल्ट आवळताना हाउसिंगलाच तडा गेला. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला, तुझ्या आईची तब्येत बिघडलीय, लगेच या. तुझा फोन लागत नाही. मी सायकलने निघालोय, गुडघे नेतील तिथवर.

तू आधी पोचलास तर तिला सांग, गिअरबॉक्समध्ये मगर बसलीय आणि गळतं ते तिची लाळ, ही कालची गोष्ट अर्धीच राहिलीय. बाबा शेवट घेऊन येतायत, तो ऐकल्याशिवाय कुठंही जायचं नाही.

शेवट अजून रचायचाय, हे मात्र तिच्यापाशी बोलू नकोस.

बाबा