चुलीजवळचा आकडा

बदनापूर,
५ जानेवारी २०२५

ती. मालन आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की आतोबा स्पीकर लावून ऐकतात, म्हणून पत्र. आम्ही नववीच्या पोरींनी हवेतला धूर-धूळ मोजायचे डबे केलेत, त्यातलाच एक तुझ्याकडं आहे. जुना टिफिन, छोटा पंखा, आत सेन्सर. आकडा जितका मोठा, तितकी हवा खराब. इथं हायवेवर नव्वद आला, वीटभट्टीजवळ दोनशे. आन तू कळवलेला सकाळचा आकडा साडेचारशे! सर म्हणाले, डबा बिघडला असंल, दुसरा पाठव. तो सोबत पाठवतेय. आत्या, तू तर वीटभट्टीला हरवलंस! खरं सांग, डबा ठेवलास कुठं?

रागावलीस तरी चालंल, पण उत्तर धाड.
तुझी लाडकी,
अर्पिता

राजूर,
२२ जानेवारी

चि. अर्पितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मला वीटभट्टी म्हणतीस? अंगणात शेळी टिफिन समजून हुंगत होती, म्हणून डबा चुलीजवळच्या फळीवर ठेवला. दुसरा डबाबी तेच बोलला. मंग यांना म्हणलं, गॅस वापरू. तर म्हणले, गॅसच्या भाकरीला चव न्हाई, मी जेवणारच न्हाई. दोन वर्षं झाली, अर्धा सिलिंडर टोपडं घालून बसलाय.

मंग काय केलं, ऐक. हे सकाळी गणपतीला गेले की जल्दी जल्दी गॅसवर भाकरी करते, आन यायच्या टायमाला चुलीत दोन काटक्या पेटवते. आज आठवा दिवस. हे एक भाकर जास्त खाऊन राह्यले, वर शेजारच्या गिरिजाबाईला सांगून राह्यले, चुलीची चवच न्यारी! आकडा साठावर आलाय.

पत्र वाचून फाड. माया असू दे, तोंड बंद असू दे.
तुझी आत्या

राजूर,
२ फेब्रुवारी

चि. अर्पितास,
तातेराव आतोबाचा आशीर्वाद.

आत्यानं पत्र टाकायला माझ्याच हाती दिल्तं. पाकीट बराबर चिकटलेलं नव्हतं. असो.

मला पहिल्याच दिवशी कळल्तं. जन्मभर चुलीची भाकर खाल्लेल्या माणसाला धुराचा वास गेलेला कळणार न्हाई का? ओरडणारच होतो. पण घरात काहीतरी कमी वाटलं. दोन-तीन दिवसांनी ध्यानात आलं, आत्याचा खोकला. इतकी वर्षं रोज सकाळी कानावर पडत होता, मी कधी विचारलं न्हाई.

भाकर बिलकुल बेचव लागती. तिला संशय नको म्हणून एक जास्त खातो.

तिला यातलं काही बोलू नकोस. सिलिंडर संपत आलाय, ती काळजीत दिसती. गाडीवाल्याला मी सांगून ठेवलंय, शुक्रवारी मी घरी नसताना भरलेला आणून दे, आन माझं नाव घेऊ नको.

अभ्यास कर, आमच्यावर जीव असू दे.
तुझा आतोबा,
तातेराव