शकिलाची मूठ

मी, इलियास बाबालाल मणेर, वय ६९, धंदा पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवण्याचा, नंतर चित्रांचा, राहणार पलूस, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दाबाखाली न येता, स्वहस्ते लिहून ठेवतो. वयामुळे अक्षर वाकडे आले आहे. डोके सरळ आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव यांचे वाटे शरीयतप्रमाणे मुलगा नईम व मुलगी अर्फा यांना जावेत. त्यात माझी लुडबूड नको. भांडण झालेच तर माझा मित्र आप्पासो याच्याकडे जावे. तो दोघांनाही सारख्याच शिव्या घालील.

२. शिडी, ब्रश व रंगांचे डबे शेजारच्या अश्फाक शिंप्याला द्यावेत. आयुष्यभर त्याने मला चिंध्या फुकट दिल्या आणि दरवेळी "याचं काय करणार?" म्हणून हसला. नईमला ब्रश देत नाही. त्याचे सांगलीत फ्लेक्सचे दुकान आहे. त्या मशीनने माझा बोर्डाचा धंदा बुडवला, हे मी त्याला जेवताना पुष्कळदा ऐकवले. ते आता माफ आहे. पुढे लिहिले आहे ते अजून माफ होत नाही.

३. चित्रांबद्दल. लोक विचारतात, आधी काय ठरवले होते? काहीच नाही. फळी जमिनीवर टाकून मी उकिडवा बसायचो. उजव्या हातात चुना, डिंक, रंग. डावा हात पाठीमागे. माझी बायको शकिला मागे बसून त्या हातावर काहीतरी ठेवायची: चिंधी, आप्पासोच्या मेंढरांची लोकर, फुटकी बांगडी, एकदा तर चुलीतली गरम राख. हाताला लागेल ते तसेच फळीवर जायचे. मागे वळून बघायचे नाही, हा तिचा कायदा. म्हणायची, "आवं, बघून घेतलं की तुमी डोकं चालवता. डोकं चाललं की चित्र मेलं." म्हणून प्रत्येक फळीवर दोघांची सही आहे. कुणी विकत घेतली तरी दोघांचे नाव लावावे.

४. शेवटची फळी, जी अपुरी आहे. तीन वर्षांपूर्वी दुपारी मी नेहमीसारखा हात मागे केला. काही आले नाही. "दे की गं," म्हणालो. थोडा थांबून म्हणालो, "झोपलीस व्हय?" हात तसाच धरून बसलो. वळलो नाही, कारण वळायचे नसते. खांदा भरून आला तेव्हा वळलो. शकिला भिंतीला टेकून बसली होती. गेली होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

मयतीला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, देताना अर्फाने ती मूठ उघडली. ती मला सांगायला आली तेव्हा मी कानांवर हात ठेवले. माहीत असलेली वस्तू मी कधी फळीवर लावलेली नाही. आणि खरे म्हणजे, शकिलाकडून अजून काहीतरी यायचे बाकी आहे, एवढ्याच आशेवर मी हे दिवस ढकलले.

फळीवर तळहाताएवढी जागा रिकामी राहिली. नईमने मोबाईलवर फोटो काढला, कॉम्प्युटरवर ती जागा बाजूच्या रंगाने भरली आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला दाखवायला फ्लेक्स छापून आणला. "अब्बा, आता बघा, पुरं दिसतंय," म्हणाला. पोरगा मनाचा वाईट नाही. मी तो फ्लेक्स चुलीत घातला. घरभर घाण वास सुटला आणि शेजारी आग लागली म्हणून धावत आले. मी त्यांच्यादेखत रडलो.

सदर फळी अर्फाला द्यावी. एका वारसाला जादा द्यायचे तर दुसऱ्याची संमती लागते, तीही मी गेल्यावर, असे वकिलांनी सांगितले. तेव्हा नईम, हा हुकूम नाही. बाप हात जोडतो, नाही म्हणू नकोस.

५. वरचे कलम लिहिताना आप्पासो शेजारी होता. म्हणाला, "आरं गड्या, इचार की पोरीला. मरायच्या आदी तरी कळू दे."
"कळलं की संपलं रं," मी म्हणालो.
त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

६. अर्फा, मला माती देऊन झाली की घरी ये. तुझ्या आईने जे धरले होते ते त्या जागी लाव. शोभते का, बसते का, याचा विचार करू नकोस. पण तू सांगायला आलीस तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला आहे. मूठ रिकामीच होती, अशी भीती मला त्या दिवसापासून वाटते. तसे असेल तर काही लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस. तुझी आई माझ्यासाठी काहीतरी शोधत होती आणि मी तिला झोपलीस का विचारत होतो, एवढेच त्या जागेत आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मोठ्याने वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

(सही) इलियास बाबालाल मणेर

साक्षीदार:
१. आप्पासो अर्जुना पुकळे, मेंढपाळ व शेतकरी (अंगठा)
२. अमृत भाऊसो यादव, निवृत्त शिक्षक (सही)

ठिकाण: पलूस
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२४