साडूच्या शेतावर उपग्रहाची नजर

३ मार्च
ठरलं. साडूला सोडायचं नाही. काल सासऱ्यांच्या घरी सगळ्यांसमोर मला 'आभाळातला पाटकरी' म्हणाला, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा शिपाई. सगळे हसले. बायको सगळ्यांत मोठ्याने.
यंदा धरण अर्धंच, म्हणून शेतांना उन्हाळी पाणी बंद. शेतांतून किती पाणी वाफ होऊन उडालं आणि बंदीमुळे किती वाचलं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून मोजणं माझं काम. साडूचं शेत याच पट्ट्यात. मनात आकस अजिबात नाही. कर्तव्य.

११ मार्च, सकाळी १०.४०
सापडला! नकाशात बाकीची शेतं तापून लाल, साडूचं निळं. निळं म्हणजे थंड, थंड म्हणजे ओलं, ओलं म्हणजे चोरी. ज्युनिअर म्हणाली, सर, ती ढगाची सावली आहे. अनुभव नाही बिचारीला.

१२ मार्च
ढगच होता. तिला सांगितलं नाही.

२० मार्च
आज लाल. बेरकी माणूस. उपग्रह वरून कधी जातो, हे त्याने नक्की शोधून काढलंय. त्याच्या शेतात जमिनीतली ओल मोजणारी सहा यंत्रं मागवली. कारण: सखोल अभ्यास.

२९ मार्च
यंत्रं बसली. साडूने स्वतः खड्डे खणून दिले, वर चहा पाजला. म्हणाला, साडूभाऊ, आणखी खणायचे असतील तर सांगा. अट्टल चोर असेच गोड बोलतात.

१४ एप्रिल
ओल जवळजवळ शून्य. बायको म्हणाली, चारा नाही म्हणून ताईने दोन गाई विकल्या. मी म्हटलं, नाटकं. तेव्हापासून ती बोलत नाही. मीही बोलणार नव्हतोच.

६ मे
अहवाल दिला. चोवीस पानं, त्यांतली सतरा साडूवर. साहेब बेहद्द खूश. म्हणाले, चारशे शेतांत पाणी वाचल्याचा इतका पक्का पुरावा या एकाच शेताचा आहे, या शेतकऱ्याचा जाहीर सत्कार करू. मानपत्र तुम्हीच लिहा.

१७ मे
लिहिलं. वाचलंही मीच. आवाज दोनदा बसला. माईक खराब असावा. साडूने स्टेजवर घट्ट मिठी मारली. कानात म्हणाला, वाटलं होतं, आपण काय सोसलं ते कुणाला दिसणारच नाही. तुम्ही तेवढे बघत होतात.
म्हटलं, हो. रोज बघत होतो.