वहीतलं पहिलं नाव

अप्पा, तुम्ही गेल्यानंतर या हातांनी मी काय काय केलं ते आधी सांगतो. जनवाड्याच्या विहाराचं फाटक केलं. त्यावरचं चक्र चोवीस आऱ्यांचं, एकही आरा सूतभर इकडंतिकडं नाही. मायची लोखंडी खाट केली. गल्लीत अकरा घरी धान्याच्या कोठ्या दिल्या, एकीलाही अजून गंज नाही. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. आणि एक वही केली, दोनशे पानांची, मीच शिवलेली, वर ताडपत्रीचं कव्हर. तिच्यात आपल्या घराण्याची त्रेसष्ट नावं आहेत. वरच्या लोकांची नावं सांभाळायला भाट होते, आपली सांभाळायला कुणी नव्हतं. म्हणून जिथं मयत झाली तिथं म्हाताऱ्यांजवळ बसून मी एकेक नाव विचारून घेतलं. पहिल्या पानावर तुम्ही आहात. एक जून ही मास्तरनं शाळेत लावलेली तारीख, खरा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, हेही खाली लिहिलंय.

अक्काचा थोरला हैदराबादेत कंप्युटरच्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी तो मॉर्मन झाला. अमेरिकेत निघालेला हा पंथ. ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण बाकीचे बरेच ख्रिस्ती त्यांना आपल्यात धरत नाहीत. सुटीत आला तेव्हा मायनं चहा पुढं केला. त्यानं कप सरकवला, आमच्यात चालत नाही म्हणाला. माय म्हणाली, "असला कसला रे तुझा देव, चहाला भितोय?" तोही हसला. पोरगा वाईट नाही. माझी वही त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. घरातल्या कुणीच ती इतकी वाचली नव्हती. "मामा, आजोबाच्या पानाचा फोटो काढू का?" म्हणाला, तर मी वही उजेडात सरळ धरली, आणि तारीख कुठली खरी हे बोट ठेवून दाखवलं.

महिन्याभरानं कळलं ते कशासाठी. त्यांच्यात मेलेल्या पूर्वजांचाही बाप्तिस्मा करतात. दूर देशातल्या त्यांच्या मंदिरात एक जिवंत माणूस हौदात उतरतो, मेलेल्याचं नाव घेतात आणि त्याला पाण्यात बुडवून काढतात. मग मी फोनवर त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं, जेवण झाल्यावर रोज तासभर. पहिल्या पुढाऱ्यांनी अनेक बायका केल्या होत्या. छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंचीही नावं अशीच पाण्यात घातली, तेव्हा ज्यू लोक भांडले, आणि असं पुन्हा करू नका असं पंथालाच आपल्या माणसांना सांगावं लागलं. आणि काळ्या माणसाला त्यांच्यात सव्वाशे वर्षं पुरोहितपद नव्हतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

भाच्याला फोन लावला. "काळ्यांना मंदिरात आत घेत नव्हते, हे ठाऊक हाय का तुला?"

"जुनं झालं मामा ते. बदललं त्यांनी."

"आपल्या गावात बी जुनं झालं म्हणतेत. विहीर कुठली होती, इचार आजीला."

"मामा, जबरदस्ती न्हाई. आजोबाला तिकडं व्हय-न्हाई म्हणायची मोकळीक असती."

"इथं असताना त्यांनी न्हाई म्हणून ठिवलंय. नाव काढ त्यातून."

"झालं मामा. मागच्या आठवड्यात झालं."

मी फोन ठेवला आणि कोठीच्या झाकणाला कडी बसवत बसलो. राग यायला पाहिजे होता, आला नाही. कडी नीट बसली.

मला तो पितरपाटाचा दिवस आठवला. आजी जाऊन वर्षही झालेलं नाही. माय तुम्हाला चोरून चुलीवर भात टाकते, त्यावर दही घालते आणि ताटली माझ्या हातात देते. मी पत्र्यावर चढून कावळ्याची वाट बघतोय. तेवढ्यात तुम्ही रस्त्याच्या गँगवरून येता, पायांना डांबर. "उतर," एवढंच म्हणता. ताटली घेऊन चुलीपुढं बसता आणि तो भात सगळा स्वतः खाता. माय म्हणते, "सासूसाठी टाकला होता वो." तुम्ही म्हणता, "जिती होती तवा तिला दही कामून न्हाई घातलंस?" मग माझ्याकडं बघून, "दीक्षा घेताना शपथ घेतलीय म्या. श्राद्ध न्हाई, पिंड न्हाई. मी मेल्यावर माझ्या नावानं कुणी काय बी करायचं न्हाई. ध्यानात ठिव." मी मान हलवली होती.

तुम्ही गेलात तेव्हा भावकीतले पिंडासाठी गाणगापूरला चला म्हणत होते. मी गेलो नाही, तुमचा शब्द राखला. आणि मग वहीचं पान मीच उजेडात धरलं.

हे पत्रही तुमच्याच नावानं केलेलं काहीतरी झालं. म्हणून ते मायला वाचून दाखवणार नाही, कुठं ठेवणारही नाही.

भाचा गेल्या आठवड्यात पुन्हा आला होता. बाकीच्या बासष्ट नावांसाठी वही आठवडाभर द्या म्हणाला. विहार गळतोय हे त्यानं बघितलं होतं. वर नवे पत्रे टाकायला स्वतःच्या पगारातून ऐंशी हजार रुपये देतो म्हणाला. मी नको म्हणालो. पण ते म्हणायला मला चार दिवस लागले, अप्पा, आणि त्यातल्या दुसऱ्या दिवशी मी पत्र्यांची मापं घेऊन आलो होतो.