तपकिरी कड्या

११ नोव्हेंबर

आमच्या प्रयोगशाळेतले नवे डॉक्टर म्हणजे उंटावरचे शहाणे! काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतात, चहाचा घोट घेतात — निकाल तयार. थोरले तंत्रज्ञ त्यांच्याही वरचे. न धुतलेल्या हातांनी रंगाच्या बाटल्या हाताळतात. शी!

मावशीच्या स्तनातल्या गाठीचा काप आजच्या खेपेत होता. मला तिनेच वाढवलं. ती काच मीच रंगवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

१२ नोव्हेंबर

निकाल — 'रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही.' मावशी फोनवर म्हणाली, "मी म्हणत नव्हते? मला मेलीला काय धाड भरलीय!"

१३ नोव्हेंबर

ती काच पुन्हा पाहिली. एकही तपकिरी कडी नाही!

रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. आमचा रंग तेवढंच अस्तर तपकिरी करतो. काचेवर कडी दिसते. कडीच्या आत गाठीच्या पेशी सापडल्या, तर त्या रक्तात शिरल्या. पण जिथे दूध तयार होतं तो अवयव रक्तावाचून जगेल कसा? निरोगी भागातही कड्या दिसायलाच हव्यात. एकही नाही, म्हणजे रंगच चढला नाही. शेंबड्या पोरालाही कळेल हे!

डॉक्टरांना सांगितलं. "दहावी तरी झालास का रे? मला शिकवतोस?" थोरले फिदीफिदी हसले — "या, बृहस्पती!"

१४ नोव्हेंबर

तक्रार लिहिली. तीन पानं, खाडाखोड नाही. रंग थोरल्यांनीच नासवला — दुसरं कोण? 'निष्काळजीपणा' चार वेळा लिहिलं, चारही वेळा शुद्ध. उद्या देईन.

१५ नोव्हेंबर

फळीमागे त्या रंगाचं रिकामं खोकं सापडलं. कडेला बारीक अक्षरं — गोठवू नये.

थोरल्यांच्या हातांपासून वाचवायला गेल्या आठवड्यात ती बाटली बर्फाच्या कप्प्यात मीच ठेवली होती. कापसात गुंडाळून!

तक्रार फाडली.

१६ नोव्हेंबर

सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता नोकरी गेली. डॉक्टरांनी ती काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग म्हणाले, "मीही बघायला हवं होतं." थोरल्यांनी नवी बाटली काढली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. "चल रे, दोघं मिळून करू. मावशी आहे ना तुझी?"

१७ नोव्हेंबर

कड्या आल्या. इतक्या रेखीव मी कधी पाहिल्या नव्हत्या.

तीन रिकाम्या नाहीत.

मावशीला अजून पहिलाच निकाल खरा वाटतो. फोन वाजतोय.